रिठ्यांची राई

पूर्वी एका नदीकाठच्या नगरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्यकुळात जन्मला होता. त्या नगराबाहेर रिठ्यांची राई होती. ती कोणा एकाची नव्हती. खाली पडलेली फळेच वेचायची आणि घरातली सरल्यावरच पुन्हा यायचे, असा वाडवडिलांचा रिवाज होता. जेवणापूर्वी लोक त्याच रिठ्याच्या फेसाने हात धूत आणि एकमेकांच्या हातावर पाणी घालीत.

एका वर्षी जुलाब-वांत्यांची साथ आली. हात वरचेवर धुवा, असे बोधिसत्त्वाने घरोघरी सांगितले. मुळात सवय होतीच, म्हणून लोकांनी ऐकले. पण भीती वाढली तशी जुनी रीत सुटत गेली. बोधिसत्त्वाचा बालमित्र भद्रिक मोठा व्यापारी होता. एकुलत्या मुलीच्या, मालिनीच्या काळजीने त्याने गडी लावून फांद्याच तोडून आणल्या आणि कोठार भरले. ते पाहून इतरांनीही कुऱ्हाडी काढल्या. राई बोडकी झाली. नदीपलीकडच्या परटांच्या वस्तीला काहीच उरले नाही.

बोधिसत्त्व भद्रिकाकडे गेला. म्हणाला, "मित्रा, मालिनीचे कपडे जे हात धुतात, त्या हातांना आज रिठा नाही. थोडे तिकडे पाठव."

भद्रिक वाईट माणूस नव्हता. साथ किती चालेल कोण जाणे, असे पुटपुटत त्याने विषय टाळला.

पुढे त्याच्याकडचे कपडे धुणारी रेवती परटीण आजारी पडली, आणि तिच्यामागून मालिनी. बोधिसत्त्वाने रात्रंदिवस उपचार केले. कोठार भरलेले असताना मुलगी गेली.

भद्रिकाने स्वतःच्या पाठीवर पोती वाहून वस्तीत नेली. रेवतीही तोवर गेली होती. तो तिच्या उंबऱ्यावर बसून राहिला. म्हणाला, "सगळे मालिनीसाठीच साठवले होते रे."

बोधिसत्त्व त्याच्याशेजारी बसला. "हात कसे धुवावेत, हे मी सांगत फिरलो," तो म्हणाला. "किती घ्यावे, ते सांगायचे राहिले. ते सर्वांना ठाऊकच आहे, असे मला वाटले."

त्या वर्षी दोघांनी मिळून बिया पेरल्या. रिठ्याला फळ धरायला बरीच वर्षे लागतात. भद्रिकाने ते पाहिले नाही.

एवढे सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची रेवती म्हणजे आजची भिक्षुणी सुमेधा. भद्रिक म्हणजे आपल्या वाटणीचेही दुसऱ्याच्या पात्रात घालणारा हा भिक्षू उत्पल, आणि तो वैद्य मीच होतो. पुरेसे कळणे, याला मात्रज्ञता म्हणतात. ती वेळेवर सुचावी लागते."