खळ्यावरचा वारा

फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात लोखंडी रूळ होते आणि त्यांवरून बैल मालगाडे ओढत. तीन दिशांनी आलेले रूळ एका माळाजवळ मिळत. राजाने ठरवले, की इथेच मोठा मालतळ बांधायचा. साऱ्या राज्याचा माल इथे उतरेल, कोठारांत राहील आणि पुढे जाईल. हे काम त्याने आपल्या सर्वांत नावाजलेल्या स्थपतीकडे सोपवले.

स्थपती दयाळू होता, आणि आपण दयाळू आहोत हे त्याला चांगले ठाऊकही होते. टेकडीवर चढून त्याने माळ न्याहाळला. घर नाही, शेत नाही, विहीर नाही. तरीही शेजारच्या गावाला त्रास नको म्हणून त्याने कोठारांच्या भिंतींना मातीचा रंग द्यायचे ठरवले, कडेने झाडे लावली, आणि चाकांची कुरकुर होऊ नये म्हणून रोज वंगण घालायचा हुकूम दिला. गावात जाऊन त्याने विचारलेसुद्धा, "या माळावर कुणाचं काही आहे का?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. "नाही बा, मोकळाच आहे," ते म्हणाले.

दोन वर्षांत कोठारांची पहिली रांग उभी राहिली. सुगीच्या दिवसांत स्थपती पुन्हा गावात गेला. चार कौतुकाचे शब्द कानांवर पडावेत, एवढीच त्याची इच्छा होती. खळ्यावर एक बाई वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, सूप घेऊन उभी होती. खाली मळलेल्या ज्वारीची रास पडली होती.

"बाई, आमच्या भिंती डोळ्यांना खुपत नाहीत ना?"

"डोळ्यांना नाही खुपत, दादा. जरा वर या." ती खाली उतरली आणि सूप तिने त्याच्या हाती दिले.

स्थपतीने वावडीवर उभे राहून सूप कलते केले. दाणे आणि भूस एकाच जागी, त्याच्या पायाशी पडले. त्याने पुन्हा करून पाहिले. दुपार कलली तरी भुसाची एक काडी बाजूला गेली नाही.

"वारा कुठं गेला?" त्याने विचारले.

"तुमच्या भिंतीपल्याड अडलाय. तीन आठवडे झाले, घरोघरी भाकरीत भूस येतंय. पोरं खोकतात."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत, कुणाचं काही आहे का. वाऱ्याला कोण आपला म्हणतं, दादा? तो थांबला तेव्हा आम्हालाही कळलं."

स्थपतीचा चेहरा उतरला. आठ दिवसांनी राजा काम पाहायला येणार होता. गप्प राहिले तर मान मिळणार होता, बोलले तर होता तोही जाणार होता. पण भाकरीतले भूस त्याच्या मनातून जाईना.

राजा आला तेव्हा स्थपतीने सगळे सांगितले. राजा चिडला. "जागा मोकळी आहे असं तूच म्हणाला होतास."

"महाराज, मला तिथे काही दिसलं नाही, म्हणून मी तसं म्हणालो."

"मग तुझं पद गेलं. भिंती पाड आणि योग्य जागी पुन्हा बांध. नाव मात्र कुठे कोरायचं नाही."

स्थपतीने मान खाली घालून ते मान्य केले. टेकडीमागे दगडाची जुनी खाण होती. तिथल्या खोलगटात त्याने ठेंगणी कोठारे बांधली. त्यांची छपरे काठाच्या वर आली नाहीत. रूळ थोडे लांबले, मालगाड्यांना घटकाभर जास्त वेळ लागू लागला, पण कोणाचे काही अडले नाही.

ते काम संपल्यावरच्या पहिल्या सुगीला तो खळ्यावर आला आणि न सांगता वावडीवर चढला. त्याने सूप कलते केले. भूस दूर उडाले, दाणे सरळ खाली पडले. बाईने त्यातलेच ओंजळभर दाणे त्याच्या उपरण्यात बांधून दिले. त्याला रडू आले, आणि त्याने ते लपवले नाही.

त्या मालतळावर त्याचे नाव नाही. पण त्यानंतर त्या राज्यातला प्रत्येक स्थपती आराखडा काढण्याआधी शेजारच्या गावात एक सुगीभर राहू लागला.

तात्पर्य : जिथे आपल्याला काही दिसत नाही, तिथे काही नाहीच, असे धरून चालू नये.