कासवपाठीवरची बोलणी

एकदा काय झालं, खाडीच्या अल्याड एक राजा होता आणि पल्याड दुसरा. पांघरूण ओढू नकोस रे, तिलाही दे. हां. तर अल्याडच्याने एक लढाऊ गलबत बांधलं. मग पल्याडच्याने दोन बांधली. मग याने चार. डोंगर बोडके झाले मेले, चुलीला लाकूड मिळेना! खाडीत नुसत्या तोफा. साधी होडीसुद्धा इकडची तिकडे जाईना.

अल्याडच्या राजाचा वकील होता रायाजी. वकील म्हणजे राजाच्या वतीने बोलणी करणारा, बरं का. त्याची लेक मंजुळा पल्याड दिलेली. पहिलटकरीण पोर, नववा लागलेला, माहेरी यायची वेळ कधीच झालेली. पण येणार कशी? आणि तोफा सुटल्या तर पहिला गोळा किनाऱ्यावरच्या तिच्याच घरावर! रायाजीला घास गिळवेना.

शेवटी राजे म्हणाले, बोलणी करू. खाडीच्या मधोमध एक खडक होता, ओहोटीला उघडा पडायचा. बोलणी तिथेच बसून करायची आणि जो आधी उठेल तो हरला, अशी तिथली रीत. पण तो खडक नव्हताच मुळी! ते होतं झोपलेलं कासव. पाठीवर कोणी खोटं बोललं की ते खाली जायचं. हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

पहिल्या ओहोटीला रायाजी बसला, समोर पल्याडचा वकील गोंदजी. "आमची गलबतं कमी." "छे हो, आमची कमी." झालं, खडक खचला, पाय भिजले. त्यांना वाटलं, भरती लवकर आली. मग दोघं एकदमच उठले.

दुसऱ्या ओहोटीला गोंदजी म्हणाला, "आमची तर भात वाहायची गलबतं." रायाजी म्हणाला, "आमच्या तोफा गंजलेल्या." पाणी कमरेला लागलं. पुन्हा उठले.

तिसऱ्या ओहोटीला दोन्ही राजे तोफा भरून काठावर उभे. आज जमलं नाही तर लढाई! "आधी तुम्ही गलबतं मोडा." "नाही, आधी तुम्ही." हसू नकोस गं, मोठी माणसं अशीच भांडतात. मग दोघंही म्हणाले, "आमचं लपवलेलं एकही नाही." पाणी गळ्याशी आलं.

उठावं तर लढाई, बसावं तर बुडणं, खरं सांगावं तर राजा मान उडवणार. रायाजीच्या डोळ्यांपुढे मंजुळा आली. मग तो म्हणाला, "गोंदजी, आमची गलबतं डोंगरामागे आहेत. झावळ्यांखाली लपवलीत."

खडक वर आला! गोंदजी रडायलाच लागला. "आमचीही आहेत हो, बेटाआड!" खडक आणखी वर. मग दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि भराभर ठरलं. आमची गलबतं तुमच्या सुतारांनी मोडायची, तुमची आमच्या सुतारांनी, आणि तीही एकाच ओहोटीला. म्हणजे 'आधी कोण' हा प्रश्नच नको.

अल्याडचा राजा काठावरून ओरडला, "फितूर! मान उडवा त्याची!"

तेवढ्यात कासवाने पाण्यातून मुंडकं काढलं, हे एवढं मोठं! रायाजी म्हणाला, "महाराज, मग तुम्हीच इथे येऊन बसा. आणि सांगा, काही लपवलं नाही म्हणून."

राजाने कासवाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. आला नाही हो! गुपचूप तहावर शिक्का उमटवला. पल्याडच्यानेही उमटवला.

मग खाडी मोकळी झाली. पहिल्याच होडीत रायाजी लेकीला घेऊन निघाला, बरोबर सुईणबाई. मधोमध आले आणि मंजुळा बाळंत झाली. ट्यँहँ ट्यँहँ! मूल अल्याडचं की पल्याडचं? दोन्ही काठांवर माणसं उभी होती, पण कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी एवढंच विचारलं, "पोर बरी आहे ना?"

बरी होती. सगळेच बरे राहिले. मिटा आता डोळे. आणि लाडवांचा डबा कोणी रिकामा केला, ते मी सकाळी विचारणार आहे.