पाठमोरं बी

वडजी पेठेच्या टोकाला, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या पलीकडे, अनसाबाईचे शेत आहे. फाटकाच्या आत एक बसका काळा दगड आहे. रब्बीच्या पेरणीआधी लोक बी न्यायला येतात, तेव्हा देणारा त्यांच्याकडे पाठ करून या दगडावर बसतो आणि ज्वारीने भरलेले सूप न वळता मागे सरकवतो. घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. बाहेरचे पाहुणे हे पाहून भारावतात, केवढी नम्रता म्हणतात. नम्रता कसली डोंबलाची. तो राग आहे.

असे सांगतात की, जिनिंग बंद पडून पेठेला उतरती कळा लागली, तेव्हा कुठलीशी कंपनी फवारणीच्या औषधाचा कारखाना काढायला आली. पेठेच्या जिवात जीव आला. अनसाबाईचे शेत कारखान्याच्या जागेत नेमके मधोमध, आणि ती ते देईना. ती आणि तिचा नवरा, दोघेही मोर्चेवाली माणसे. विहिरी नासतील, माती मरेल, बी-पाणी-माती सगळ्यांची आहे, असे ती दारोदार सांगत फिरली. शेवटी कंपनी कंटाळून दुसरीकडे गेली आणि पेठेने सगळे खापर तिच्या माथी फोडले. पोरे शहरात गेली ती तिच्यामुळे, बाजार मोडला तोही तिच्यामुळेच.

पुढे नवरा तापाने गेला. खांदा द्यायला कुणी आले नाही. तिरडी पेठेतून निघाली तेव्हा ओट्यांवरच्या लोकांनी पाठ फिरवली, आणि सगळ्यांत आधी फिरवली ती तिच्या सख्ख्या भावाने, यादवने. शेतावरच्या गड्यांबरोबर तिने स्वतःच खांदा दिला. परतताना ती म्हणे एवढेच बोलली, "मेले तरी ह्या गावाचं त्वांड बघणार न्हाई."

मग लागोपाठ दुष्काळ पडले. लोकांनी घरचे बियाणे खाल्ले आणि विकत आणलेले उगवले नाही. गावरान ज्वारी उरली होती ती फक्त अनसाबाईच्या कणगीत. सगळी पेठ खाली मान घालून फाटकाशी आली.

हाकलावे तर बी सगळ्यांचे, हा आपलाच शब्द खोटा पडणार. द्यावे तर ही तोंडे पाहावी लागणार. सकाळभर ती कणगीपाशी बसून होती. संताप काही उतरेना. मग तिने सूप भरले, फाटकाकडे पाठ करून मागे मागे चालत आली आणि दगडावर बसली. रांगेत पहिला यादव होता.

"आक्का, माझं चुकलं. येकदा वळून बघ."

"उपरणं पसर," ती म्हणाली. "बी मागाया आलास न्हवं? तेवढंच बोल."

तो रडत होता, ते तिला ऐकू आले. तिने आणखी एक ओंजळ मागे ओतली. मान मात्र वळवली नाही.

ती गेली तेव्हा खांदा द्यायला सगळी पेठ धावली. शेतावरच्या माणसांनी कुणाला हात लावू दिला नाही. मग लोक पुन्हा ओट्यांवर उभे राहिले, आणि तिरडी आली तशी त्यांनी पाठ फिरवली. या खेपेला फिरवली ती तिचा शब्द मोडू नये म्हणून. तेव्हाही सगळ्यांत आधी यादवच वळला.

आजही पेठेत माणसांपेक्षा कुलपे जास्त दिसतात, आणि आजही बी मिळते ते पाठमोरेच. हल्ली शेत यादवची नात सांभाळते आणि दगडावर तीच बसते. रांगेत तिचा बाप उभा असला तरी ती वळून बघत नाही.