खडकमाळच्या घंटेचा दोर

खडकमाळच्या चर्चला घंटा आहे, पण तिचा दोर आत नाही. मागच्या भिंतीला पाडलेल्या ओबडधोबड भोकातून तो बाहेर येतो आणि उघड्यावर लोंबतो. टोकाला कोपरापर्यंत हात जाईल एवढा फास आहे. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी आत येतं, भिंतीला ओल धरते. एका पाहुण्याने सुचवलं, दोर आत घ्या, भोक बुजवा. पायरीवर बसलेले पत्रसबाबा शेलार म्हणाले, "बुजवायला दोन घमेली चुना पुरंल. बाकीचं कशानं बुजवू, ते सांगा." मग त्यांनी एस्तेरची हकिकत सांगितली.

एस्तेर विधवा होती. घंटा वाजवण्याचं काम तिचं. त्या काळी कुणी गेलं की त्याच्या वयाइतके ठोके पडत आणि मगच मूठमाती दिली जाई, असे सांगतात. ठोके मोजून शिवारातल्या माणसाला कळे, कोण गेलं असेल.

एके दिवशी चुलीतला निखारा तिच्या बोटांना चिकटला. तिला ते कळलं नाही. शेजारणीला वास आला. महारोग म्हणून गावभर बोभाटा झाला आणि पंच बसले. पंचांचा म्होरक्या शमुवेल, तिचा सख्खा दीर.

इथे बाबांचा आवाज चढतो. "परक्यांनी नाही हाकललं तिला. प्रभूचं नाव घेणाऱ्यांनी हाकललं. उपासना आटोपून, चर्चच्या दारात उभं राहून!"

ती टेकडीवरच्या झोपडीत राहू लागली. पहिलं वर्ष तिने गुडघे टेकून काढलं. बोटं झडतच गेली. दुसऱ्या वर्षी एका सकाळी तिने देवाला विचारलं, "तुला ऐकू येत न्हाई, का ऐकायचंच न्हाई?" उत्तर आलं नाही. तिनेही बोलणं टाकलं. एकच धास्ती उरली होती. आपण इथे मरणार, खाली कुणाला पत्ता नाही, आणि आपल्यासाठी एक ठोकाही पडणार नाही.

तिसऱ्या वर्षी गावात प्लेग शिरला. पाळकसाहेब तालुक्याला गेले ते परतलेच नाहीत. एस्तेरनंतर घंटा तेच वाजवत, तीही थांबली. शेजारी शेजाऱ्याला दार उघडेना. टेकडीवरून एस्तेर बघत होती. धूर निघणारी घरं रोज कमी होत होती.

एका सकाळी तिला शमुवेलच्या ओट्यावर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. लांबीला लहान. शेजारी शमुवेल डोकं धरून बसलेला. दुपार झाली तरी कुणी फिरकलं नाही. ती दीना होती, त्याची लेक. एस्तेरनेच तिच्या वेण्या घातल्या होत्या.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं म्हणे, भोग आता. आणि त्या विचाराची तिला शिसारी आली. तिने आपले थोटे हात समोर धरले. खिळे ठोकलेले दुसरे दोन हात तिला आठवले. "तुझे बी हात तवा कामाचे राह्यले नव्हते," ती म्हणाली. "तरी तू काम सोडलं न्हाईस." वर्षभरात देवाशी ती बोलली ते एवढंच, आणि टेकडी उतरू लागली.

चर्च उघडंच होतं. तळव्यांतून दोर निसटला. दातांनी ओढला, तर पुढचा दात तुटला. मग दोराचं टोक दातांत धरून, कोपरांनी दाबून तिने फास बांधला, त्यात हात कोपरापर्यंत घातला आणि सगळा भार टाकला.

पाचव्या ठोक्याला शमुवेल धोंडा घेऊन दारात आला. "कुणाला इचारून आत आलीस गं?"

ती थांबली नाही. नऊ ठोके पुरे करून म्हणाली, "दीनाला नऊच वरसं ना, भावजी? का चुकलं माझं?"

धोंडा त्याच्या हातातून गळाला. तोवर घराघरांत लोकांनी ठोके मोजले होते. दारं किलकिली झाली. चौघे कुदळी घेऊन आले. दीनाला माती मिळाली.

प्लेग काही थांबला नाही. आणखी एकवीस जण गेले. पण बिनघंटेचं कुणी गेलं नाही.

गावाने एस्तेरचे उपकार असे फेडले. तिला आत यावं लागू नये म्हणून शमुवेलनेच भिंतीला भोक पाडलं आणि दोर फासासकट बाहेर काढला. ती सात वर्षं उन्हापावसात बाहेरून घंटा वाजवत राहिली. प्रभुभोजनाची भाकर तिच्यासाठी पानावर ठेवून लोक दूर होत. ती मात्र भोकाला तोंड लावून गाणी म्हणे, आणि आतल्या सगळ्यांपेक्षा तिचाच आवाज मोठा असायचा, असं सांगतात.

मग एका रविवारी घंटा झाली नाही. शमुवेल टेकडी चढला आणि तिला पाठीवर घेऊन खाली आला. चर्चमागे माणसं जमली. ठोके किती द्यायचे, कुणीतरी विचारलं. तिचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत तिला ते कुणी विचारलंच नव्हतं.

शमुवेल पुढे झाला. तिच्या जखमांनी काळा पडलेला, सात वर्षांत दुसऱ्या कुणी न शिवलेला तो फास. त्यात त्याने कोपरापर्यंत हात घातला आणि एक ठोका दिला. मागे त्याची बायको आली. मग ज्या शेजारणीला वास आला होता, ती. मग सगळं गाव. सूर्य कलला तरी घंटा चालूच होती.

आजही खडकमाळमध्ये कुणी गेलं की वय विचारत नाहीत. जमलेला प्रत्येक जण मागच्या भिंतीशी जातो, फासात हात घालतो, एकच ठोका देतो. दोर कुजला की बदलतात. नवा फास मात्र दातांनीच बांधायचा, असा नेम आहे.

गेल्या खेपेला तो पत्रसबाबांनी बांधला. त्यांचाही पुढचा एक दात नाही. पाहुणा निघाला तेव्हा दोराकडे बघत बाबा म्हणाले, "जित्तेपणी तिचा हात धरला असता, तर हे भोक पाडावं लागलं नसतं."