गाठींची दोरी

“मग माझं संशोधन पहिल्या प्रकरणात घालू की बाराव्यात? तेवढंच सांगा, सर.”

असं म्हणून शैलजानं फाईल कवठेकर सरांच्या पुढ्यात ठेवली.

सरांनी ती उघडली नाही.

शैलजा घोलप म्हणजे सरांची विद्यार्थिनी, आता विद्यापीठात भूजल शिकवणारी मोठी प्राध्यापक. पाटाला पाणी सुटलं की आठव्या दिवशी दोन कोसांवरच्या विहिरीचं पाणी चढतं, ते खडकाच्या भेगांतून येतं, हे तिनं शोधून काढलं. परदेशात जाऊन सांगून आली. सर गल्लीत भेटेल त्याला धरून ते ऐकवायचे. दूधवाल्याला तर दोनदा.

ती आली होती सहीसाठी. शिकवण्यात संशोधन आलं पाहिजे असा वरून हुकूम होता, म्हणून तिनं दोन वर्षं खपून नवा अभ्यासक्रम बांधला. सोमवारी अभ्यास मंडळाची बैठक, आणि रिटायर झाले तरी सर त्या मंडळावर होते. सरांची सही नसली तर जूनमध्ये वर्ग सुरू होणार नव्हता, सगळी मेहनत कपाटात पडून राहणार होती.

“मुलं कितव्या प्रकरणाला झोपतात?” सरांनी विचारलं.

“पाचव्या-सहाव्याला.”

“मग बाराव्यात घाल. कुणाची झोपमोड नको.”

ती हसली नाही. म्हणाली, जिनं शोध लावला तिच्याच तोंडून इथली मुलं तो ऐकणार, आणखी काय पाहिजे? खोटं नव्हतं ते. सरांच्या घरचं चहापाणी वर्षानुवर्षं माझ्याकडेच; चहा ठेवताना माझीसुद्धा छाती फुगली.

सर म्हणाले, मुलांनी लिहिलेलं काही असलं तर दाखव.

गाडीत जर्नलांचा गठ्ठा होता, तपासून झालेला. तिनं आणला. विभागामागच्या, पाटापासून दोन कोसांवरच्या त्याच विहिरीचं पाणी मुलांनी दर आठवड्याला मोजायचं आणि जर्नलात लिहायचं, ही सरांच्या वेळेपासूनची रीत. न मोजता आदल्या वर्षीच्या जर्नलावरून उतरवायचं, हीसुद्धा सरांच्या वेळेपासूनचीच.

सर पानं उलटत गेले. एका जर्नलावर थांबले…

मला तेव्हा अक्षर लागत नव्हतं. पण लाल शाई दिसायला अक्षर कशाला लागतं?

रुक्साना मुजावर नावाच्या मुलीचं ते जर्नल. सरांनी मोठ्यानं वाचलं. पाटाला पाणी सुटून आठ दिवस झाले, विहिरीचं पाणी वीतभर उतरलं. त्यावर लाल फुली. खाली शैलजाच्या हातचं, ‘पाणी चढले असे पाहिजे. दुरुस्त करून आणणे.’

“तू जाऊन मोजलंस?”

“मोजायचं काय त्यात, सर? चढतंच. मीच तर सिद्ध केलंय ते.”



सर उठले, कपाट उघडलं, एक जुनं जर्नल काढून तिच्या हातात दिलं. तिचंच होतं, बावीस वर्षांपूर्वीचं. पाहुण्यांना दाखवायला सरांनी ठेवून घेतलेलं.

चैत्रातली नोंद, सर पाहुण्यांना वाचून दाखवायचे ते ऐकून मलाही पाठ झालेली. वर्गातल्या तीस जणांनी लिहिलं होतं पाणी उतरलं, हिनं एकटीनं लिहिलं होतं तीन बोटं चढलं. त्याखाली सरांचं प्रश्नचिन्ह, पेन्सिलीनं काढलेलं. त्याखाली चौदा दिवसांचे आकडे, एक दिवस हिच्या हातचा, एक दिवस सरांच्या. त्या चौदा दिवसांत सरांनी सकाळचा चहा एकदाही घरी घेतला नाही, हे माझ्या पक्कं ध्यानात आहे.

शैलजा ते पान धरून बसून राहिली. पुढ्यातला चहा निवला.

“तुम्हाला तेव्हा कारण ठाऊक होतं, सर?”

“नव्हतं.”

“मग मला शिकवलंत काय?”

सर तिच्याकडे पाहत राहिले. राग नव्हता त्यात. दूधवाल्याला तिचं नाव सांगताना तोंडावर जे यायचं, तेच होतं.

तिनं रुक्सानाचं जर्नल गठ्ठ्यातून वेगळं काढलं आणि पर्समध्ये घातलं. मग हळूच म्हणाली, “सोमवारी बैठक आहे, सर. सही…”

दाराजवळच्या खुंटीवर एक दोरी टांगलेली होती. हात-हात अंतरावर गाठी, टोकाला लोखंडाचं वजन. ते चौदा दिवस दोघांनी याच दोरीनं पाणी मोजलं होतं. सर रिटायर झाल्यापासून ती तिथंच, वाळून काठीसारखी झालेली.

सरांनी ती काढली, न उघडलेल्या फायलीवर ठेवली आणि दोन्ही तिच्या हातात दिल्या.

“त्या मुलीला बरोबर घे,” ते म्हणाले. “आणि ही ओली करून परत आण.”