जिथं पाण्याला गार म्हणत नाहीत

थांबा, पाण्यात उतरायच्या आधी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. जाकिटं सगळ्यांनी घातलीत, पट्टे आवळलेत, ते मी पाहिलं. पहिली गोष्ट त्या फळ्यावर खडूनं लिहिलेली आहे. आज सकाळी नऊ वाजता पाणी सव्वीस, हवा पस्तीस, वारा मंद, आभाळ निरभ्र. तुमचा फोनही आमच्या या गावाला, उंबरपेंडला, ऊनच दाखवत असेल. तो काही खोटं बोलत नाही. पण ऊन उंबरपेंडचं आहे, पाणी उंबरपेंडचं नाही. आमची सावती नदी चार कोसांवरून, भैरीच्या डोंगरमाथ्यावरून उतरते, आणि तिथं या घटकेला काय चाललंय हे तुम्ही फोनला विचारलेलं नसतं.

दुसरी गोष्ट फळ्यावर नाही. त्या काळ्या दगडावर पाण्यात पाय सोडून बसल्यात ना, त्या आमच्या बायजाकाकू. दमल्या म्हणून बसलेल्या नाहीत, आणि फोटोसाठी तर मुळीच नाहीत. तुम्ही डोहात असेपर्यंत त्या तिथून हलायच्या नाहीत. याला आम्ही पायराखण म्हणतो, म्हणजे पाय पाण्यात ठेवून केलेली राखण. काकू उठून मोठ्यानं रडायला लागल्या की वल्हं मारत काठावर यायचं, का म्हणून विचारायचं नाही. आणि पाण्यात पडल्यावर कितीही सुख वाटलं तरी एक शब्द तोंडातून काढायचा नाही. तो शब्द म्हणजे गार. थंड म्हणा, बर्फ म्हणा, इंग्रजीत काय म्हणता ते म्हणा. इथं भात गार होतो, चहा गार होतो, पाणी होत नाही. हसताय? हसा. पण ऐकून घ्या आणि मग उतरा, डोह कुठं पळून जात नाही.

मी चांगो भोईर. सत्तरी उलटली, तरी या होड्या अजून मीच पाण्यात लोटतो. ही गोष्ट मला माझ्या चुलत्यानं सांगितली, त्याला त्याच्या चुलत्यानं. किती वर्षं झाली विचाराल तर कोणी दीडशे म्हणतं, कोणी तीनशे. तेव्हा नदीवर पूल नव्हता, एवढं नक्की.

वैशाखात वळवाचा पाऊस आधी माथ्यावर पडतो, आणि पुष्कळदा गारांचा पडतो. खाली आमच्याकडे मात्र टळटळीत ऊन असतं. वरचं ते पाणी दरीत गोळा होतं आणि लोंढ्यानं खाली येतं. लोंढ्याचा आवाज ऐकू आला तोवर उशीर झालेला असतो, कारण वरच्या वळणाला कडा आडवा आहे. पण जुनी माणसं सांगतात, लोंढ्याच्या आधी तळातून एक धार येते, गारांच्या पाण्याची. वर पाणी कोमटच असतं, तळपाय मात्र एकदम बधिर होतात. ती धार लागली की माणसाला विडा चघळून होईल एवढाच वेळ मिळतो. ती ओळखणं भोयांच्या घराकडे होतं. भोयांच्या घरचं एक माणूस त्या दगडावर पाय सोडून बसे, आणि धार लागली की एकच शब्द ओरडे, ‘गार!’ म्हणजे वर गार पडली, निघा.

पूर्वी डोहात उतरत ती मासे धरणारी चार माणसं. त्यांना तो शब्द कळायचा. पुढे पुढे वैशाखात एक दिवस तीन गावं मिळून डोह खेळायला येऊ लागली. वर्षभर राबलेली माणसं, अंगाची लाही झालेली, त्या दिवशी बाया-बापे, पोरंटोरं सगळी पाण्यात. माहेरवाशिणी यायच्या, जावई यायचे, ज्यांनी उभ्या जन्मात पायराखण ऐकली नाही असे पाहुणे यायचे. काठावरचे ओरडून विचारत, ‘कसं हाय?’ आणि पाण्यातले ओरडत, ‘गार!’ मग काठावरचे उड्या टाकत. तोच त्या दिवसाचा खेळ झाला. इशाऱ्याचा शब्द आणि मौजेचा शब्द एकच होऊन बसला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. मला विचाराल तर सगळं पाप त्या एका दुर्लक्षाचं आहे. पण आंधळेपणा असा तीन गावांनी मिळून केला की तो कुणा एकाच्या पदरात टाकता येत नाही.

त्या वर्षी दगडावर होती साळू, नवसू भोयाची बायको. नवसू म्हणजे तळ धरणारा गडी. दोन्ही हातांनी गोटा कवटाळून डोहाच्या तळाशी बसायचा, आणि बाकीचे फुसफुसत वर आले तरी हा आपला खालीच. विडा चघळून व्हायचा, तेव्हा कुठं गोटा डोक्यावर धरून वर यायचा. कधी गंमत म्हणून चढाखालच्या कपारीतून गुपचूपही बाहेर पडायचा. त्यांची मुलगी मैनी, सात-आठ वर्षांची, आजीचा हात धरून उथळ पाण्यात होती. आजी म्हणजे नवसूची आई, राही. जिभेनं तिखट, आणि पोरावर जीव टाकणारी. तिचा म्हातारा हयात होता, त्यामुळे राहीच्या हातात हिरवा चुडा.

ऊन डोक्यावर आलं, नवसूनं गोटा उचलला आणि बुडी मारली. पोरांनी आरोळी ठोकली. आणि म्हणे त्याच क्षणाला साळूच्या तळपायाला धार लागली.

ती उभी राहून ओरडली, ‘गार!’

तीन गावांनी उत्तर दिलं, ‘गार! गार!’ काठावर उरलेले होते, त्यांनी हसत उड्या टाकल्या.

ती पुन्हा ओरडली, हात हलवले, माथ्याकडे बोट केलं. लोकांना वाटलं, साळूला आज भलताच चेव आलाय. मैनी पाण्यातून दोन्ही हात वर करून ओरडली, ‘गार गं आये, लई गार! तू पन ये!’ राहीनं लटकं दटावलं, ‘तुज्या आयशीला बसू दे तितं. ती आली तं राखन कोन करंल?’

आता बघा, त्या बाईकडे किती वेळ होता. विड्याएवढा, त्यातलाही थोडा सरलेला. एकेकाला दंडाला धरून ओढत बसली असती तर चार माणसं निघाली असती, फार तर पाच. स्वतःची पोर उचलून पळाली असती तरी कोणी नाव ठेवलं नसतं. मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं, उगाच मोठेपणा कशाला सांगू?

आमच्याकडे एक रीत होती. मयताचं रडं कानावर पडलं की असेल तिथून, असेल तसं उठायचं आणि रडण्याकडे जायचं. त्या वेळी पाण्यात खेळत राहणं म्हणजे महापाप. हे बाहेरगावच्या पाहुण्यालाही ठाऊक होतं. साळूला हवं होतं एक मयत. पण कुणाचं? ज्याचं नाव घ्यावं तो समोर पाण्यात, तिथल्या तिथं ओरडला असता, ‘अगं, मी हितं हाय,’ आणि हशा पिकला असता. तीन गावांत डोळ्यांसमोर नसलेला माणूस एकच होता, आणि तो तळाशी गोटा धरून बसला होता.

साळूनं दगडावर दोन्ही हात आपटले. बांगड्या फुटल्या, मनगटं रक्तानं भरली. पदरानं कुंकू पुसलं आणि तिनं असा हंबरडा फोडला की झाडावरचे बगळे उठले.

‘नवसू गेला गं बाय! माजा नवसू गेला! वरती पडलाय, पान लागलं त्याला, धावा रं!’

पान लागणं म्हणजे साप चावणं. आणि ती रडत, ऊर बडवत चढाकडे धावत सुटली. डोहाकडे पाठ करून. मागं वळून पाहिलं असतं तर पाय निघाला नसता, असं माझा चुलता म्हणायचा.

लोकांना वाटलं, नवसू आज चढाखालच्या कपारीतून कधीच बाहेर पडला असणार, आणि तिथंच त्याचा घात झाला. एका क्षणात डोह रिकामा झाला. ओल्या अंगांनी, पोरं खाकोटीला मारून, म्हाताऱ्यांना ओढत तिन्ही गावं चढावर धावली. सगळ्यांच्या पुढं राही, मैनीला कडेवर घेऊन, पोराच्या नावानं टाहो फोडत. म्हातारीला एवढा जोर कुठून आला कोण जाणे. उंबराच्या झाडापर्यंत पोचली तर तिथं साळू नुसती उभी. ना नवसू, ना साप.

‘कुटं हाय माजा पोर?’ राहीनं विचारलं.

 कडेवरची मैनी खाली बोट दाखवून म्हणाली, ‘आये, बा तं तितं हाय.’

नवसू वर आला होता. गोटा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, रोजच्यासारखा. सर्वांत जास्त वेळ तोच तळाशी राहिला होता, आणि शाबासकी द्यायला डोहात चिटपाखरू नव्हतं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, चढावरची गर्दी पाहिली आणि तो हसला, म्हणे. लोकांनी थट्टा केली असं त्याला वाटलं असावं. हे मला अजून नीट सांगता येत नाही, इतक्यांदा सांगूनही. मग वळणावरून पाणी आलं, दोन पुरुष उंच, अंगावर झाडं घेऊन. डोह कुठला आणि काठ कुठला हे ओळखू येईना. त्या पाण्यात अजून पांढऱ्या गारा तरंगत होत्या, असं सांगतात. नवसू तिसऱ्या दिवशी खाली खाडीच्या तोंडाशी सापडला.

तीन गावांतलं दुसरं एकही माणूस गेलं नाही. तान्हं पोरही नाही.

तुम्हाला वाटेल, साळूला लोकांनी डोक्यावर घेतलं असेल. जगाची रीत तशी नसते. पहिले दोन दिवस माणसं गप्प होती. तिसऱ्या दिवशी नवसू सापडला आणि तोंडं सुटली. जित्या माणसाचं रडं रडली, म्हणून यम आला. कुंकू पुसून तिनंच मरण बोलावलं. काहींनी तर असंही काढलं की तेवढ्या वेळात बुडी मारून नवऱ्याला वर ओढता आलं असतं. बोलणारे सगळे तिच्यामुळे वाचलेले. ज्याची पोरं तिच्या रडण्यानं पाण्याबाहेर आली, तोही पारावर बसून हेच बोलत होता. मला त्या माणसांचा राग येतो, आणि ती माझीच माणसं आहेत.

राही काहीच बोलत नव्हती. सुनेकडे बघतही नव्हती.

दहाव्या दिवशी नदीवर विधी झाला आणि बाया साळूभोवती जमल्या. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या त्या दिवशी फोडायच्या. एकीनं तिचा हात ओढला, तर मनगट उघडं, जखमांवर नुसत्या खपल्या. ती बाई म्हणाली, ‘हिनं तं कवाच फोडल्या. नवरा जिता असतानाच. आता काय फोडायचं?’

दहा दिवसांत पहिल्यांदा साळू बोलली.

‘त्या तुमच्यासाटी फोडल्या. तुमच्या पोरांसाटी फोडल्या. त्याच्यासाटी न्हाय फोडल्या. माजा नवरा मेला त्याचं मला अजून काय बी करू दिलं न्हाय तुमी. फोडायला हव्यात ना? मंग आदी भरा.’

आणि तिनं दोन्ही हात पुढे धरले.

 बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. विधवेच्या हातात चुडा भरायचा तरी कुणी, आणि कसला? तेवढ्यात राही उठली. तिनं आपल्या हातातला हिरवा चुडा एकेक करून उतरवला, नवरा जिवंत असताना, आणि सुनेच्या खपल्या धरलेल्या मनगटावर चढवला. मनगट सुजलेलं होतं, बांगडी सरकेना, तेव्हा तिनं ते नदीच्या पाण्यानं भिजवलं. आठ बांगड्या भरून झाल्या. मग ज्या बाईच्या हातात फोडायचा दगड होता, तिच्याकडे राहीनं एकदा पाहिलं. त्या बाईनं दगड नदीत टाकला.

साळूनं पुढं तीस वर्षं पायराखण केली. त्या वर्षापासून डोहावर तो शब्द बंद झाला. धार लागली की पायराखीण रडं घालते, आणि आमच्या गावात दुसऱ्या कशासाठीही मोठ्यानं रडायचं नाही असं ठरलं. राही मात्र सुनेशी उभ्या जन्मात बोलली नाही, असंही सांगतात. त्याच घरात राहिली, तिच्याच हातचं जेवली, पण एक शब्द नाही. मुलगा गेल्याची आग तिची तिच्यापाशी होती, आणि आपण जिवंत कशानं आहोत हेही तिला कळत होतं. दर वर्षी वैशाखात ती कासाराला बोलवायची, साळूला समोर बसवायची आणि तिच्या हातात नवा चुडा भरायची. दोघींच्या डोळ्यांना पाणी असायचं, तोंडाला कुलूप.

आजही उंबरपेंडात कुणाचा नवरा गेला की दहाव्या दिवसाला कासाराला बोलावणं जातं. बांगड्या कुणी फोडत नाही, सासू नव्या भरते, सासू नसली तर घरातली थोरली बाई. आणि त्या भरून होईपर्यंत घरात कुणीही बोलत नाही.