कडीचा डबा

"...आणि इतकं सांगूनही बायको ऐकत नसेल, तर मी करायचं तरी काय, आक्का?"

आक्का चुलीपुढे बसल्या होत्या. नदीकाठच्या त्या लहानशा मठात दर गुरुवारी त्या आमटी करतात आणि येईल त्याला वाढतात. उपदेश मागायला आलेल्यालाही आधी आमटीच मिळते. मी कोपऱ्यात बसून तीच भुरकत होतो.

विचारणारे होते कागवाडे सर, निवृत्त मुख्याध्यापक; आक्कांसाठी मात्र नुसता मुरली. पंचक्रोशीतल्या चौदा शाळांत त्यांनी प्लास्टिकविरुद्ध भाषणं दिली होती. भाषणं चांगली होती, हे मलाही कबूल आहे. फक्त ती घरीही चालायची.

"काय ऐकत न्हाई इंदू?"

"प्लास्टिक सोडत नाही. सुट्टीत नात यायची आहे, पाच वर्षांची पोर. गरम दूध, गरम भात, सगळं त्याच डब्यांत. तिच्या पोटात ते जायला नको, एवढंच म्हणतो मी. चुकलं का माझं?"

"न्हाई चुकलं."

सरांना बळ आलं.

"म्हणून एके दिवशी ती देवळात गेली असताना सगळे डबे भंगारवाल्याला देऊन टाकले. एकूण एक!"

"भरलेलं?"

"छे, रिकामे करून."

"आन् आतलं?"

"...पेपरवर ओतलं."

आक्कांच्या हातातली पळी थांबली.

"समदं?"

"वेगवेगळं ओतलं होतं, आक्का. फक्त मोहरी आणि नाचणी शेजारी आली. पेपर उचलताना एक झाली."

"मग?"

"मग माझं भाषण होतं. मी गेलो."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. तोंड झाकलं, पण खांदे हलतच होते.

"परत येऊन बघतो तर ओट्यावर दहा नवे डबे. प्लास्टिकचे! तिनंच बाजारातून आणलेले. तेव्हापासून अबोला. आज नववा दिवस. चहा मिळतो, शब्द मिळत नाही." सरांचा आवाज खाली आला. "घर खायला उठतं हो, आक्का."

"इंदूला आमटी आवडती?"

"फार."

"मग घिऊन जा."

आक्कांनी उकळत्या आमटीची पळी भरून उचलली. सरांनी इकडंतिकडं पाहिलं. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती, तिच्यावर त्यांचंच घोषवाक्य छापलेलं.

"कशात नेऊ?"

"पिशवी हाय की."

"कापडात आमटी कशी राहील, आक्का!"

"मग पेपरवर वतू?"

चौदा शाळांतल्या भाषणांत सरांना कुणी हा प्रश्न विचारला नसावा.

आक्का उठल्या. फळीवरून स्टीलचा कडीचा डबा काढला, पदरानं पुसला, काठोकाठ भरला आणि झाकण घट्ट लावून सरांच्या हातात दिला.

"डबा परत पायजे हां, मुरली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सर हजर. चप्पल काढायच्या आधीच ओरडले, "बोलली, आक्का, बोलली!"

"काय म्हणली?"

"म्हणाली, डबा रिकामा परत द्यायचा नसतो."

"बराबर हाय. अजून?"

"म्हणाली, 'असे अजून कुठं मिळतील, विचारा आक्कांना. नात यायच्या आत हवेत.'" सर मटकन खाली बसले. "म्हणजे तिलाही हेच हवं होतं! मग मला कधी बोलली का नाही?"

आक्का चुलीत लाकूड सारू लागल्या.

सरांनी डबा पुढं सरकवला. "तुमच्यासाठी भरून दिलाय. काय आहे ते मी पाहिलं नाही. वाटेत उघडू नका म्हणाली."

डबा चांगला जड होता. आक्कांनी झाकण काढलं.

आत मोहरी होती. आणि नाचणी होती. एकमेकींत बेमालूम मिसळलेली.

आक्का अशा हसल्या की घाटावर कपडे धुणाऱ्या बायका वर बघू लागल्या. डोळे पुसत त्यांनी सूप घेतलं, सगळा डबा त्यात ओतला आणि सूप सरांच्या मांडीवर ठेवलं.

"आक्का, हे मी नंतर निवडतो. आधी डब्यांचं बघू. भांड्यांची दुकानं उघडली असतील, पटकन जाऊन..."

"आधी मोहरी."